विश्लेषण : तिकीट एकाच ‘बिझनेस क्लास’चे, अनुभव वेगवेगळे का?

एअर इंडियाने जानेवारी २०२४ मध्ये एअरबस ए३५० विमान सेवेत आणले. दिल्ली-लंडन आणि दिल्ली-न्यूयॉर्क मार्गांवर ते त्याच वर्षी उडू लागले. त्यातील बिझनेस क्लासचे प्रवाशांकडून कौतुक होते, पण एक तक्रारही वारंवार ऐकू येते.

नवे काय?
या विमानातील ३१६ पैकी २८ आसने बिझनेस क्लासची आहेत. एका रांगेत एक-दोन-एक अशी मांडणी असल्याने प्रत्येकाला थेट मार्गिकेत उतरता येते. आसन उलगडले की सपाट बिछाना होतो आणि सरकते दार ओढले की आडोसा मिळतो. न्यूयॉर्कच्या पंधरा तासांच्या आसपासच्या प्रवासात हा फरक अंगाला जाणवतो.

तक्रार कशाची?
कंपनीच्या जुन्या बोइंग ७८७-८ विमानांतील मांडणी दोन-दोन-दोन अशी आहे. खिडकीजवळच्या प्रवाशाला रात्री उठायचे तर झोपलेल्या शेजाऱ्याला ओलांडावे लागते. तिकिटावर मात्र दोन्हीकडे ‘बिझनेस क्लास’च लिहिलेले असते.

उपाय काय?
टाटा समूहाने जानेवारी २०२२ मध्ये कंपनी ताब्यात घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ४० जुन्या विमानांच्या नूतनीकरणासाठी ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. ते पूर्ण होईपर्यंत पैसे भरण्याआधी विमानाचा प्रकार आणि आसनांचा नकाशा पाहणेच शहाणपणाचे. दुबई, दोहामार्गे जाणारा प्रवासी परत मिळवायचा, तर सर्व विमानांत सारखी सेवा देण्यावाचून कंपनीला गत्यंतर नाही.