घराजवळचे पक्षीनिरीक्षण: ज्येष्ठ आणि जुनाट आजाराच्या रुग्णांनी काय काळजी घ्यावी?

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाथर्डीच्या माळावर पळस आणि पांगारा फुलतो, आणि त्यावर भोरड्यांचे थवे उतरतात. डोके काळे, अंग गुलाबी, कलकलाट मैनेसारखा. हिवाळा आपल्याकडे काढून एप्रिलपर्यंत हे पक्षी मध्य आशियाकडे परततात. बांधावर शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षीही याच सुमारास दिसेनासा होतो. शेजारच्या शेवगाव तालुक्याला लागून असलेल्या जायकवाडीच्या जलाशयावरून चक्रवाक आणि पट्टकदंब हिमालयापलीकडे निघतात. हे सगळे पाहायला जायकवाडीलाच जावे लागते असे नाही. अंगणातून किंवा गच्चीवरूनही पुष्कळ दिसते.

याचा तब्येतीशी काय संबंध?

पाथर्डी हा ऊसतोड मजुरांचा तालुका. दिवाळीच्या सुमारास तरुण मंडळी कारखान्यांकडे जातात आणि अनेक घरांत आजी-आजोबा व नातवंडेच उरतात. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांच्या जोडीला एकटेपणा असतो. ‘रोज चाला’ असे सांगितले तर उत्तर येते, ‘कुठं आणि कशासाठी चालू?’ पक्षी पाहणे हे त्या ‘कशासाठी’चे एक उत्तर होऊ शकते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी 2022 मध्ये 1,292 जणांच्या मोबाईलवरील नोंदी तपासल्या. पक्षी दिसल्यावर किंवा त्यांचा आवाज ऐकल्यावर लोकांना बरे वाटत होते आणि तो परिणाम काही तास टिकत होता. नैराश्य असलेल्यांमध्येही हे आढळले. लोकांनी स्वतःच दिलेल्या नोंदींवरचा हा अभ्यास आहे, त्यामुळे त्याचा अर्थ ताणू नये. नैराश्याची, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी याच्या भरवशावर बंद करायची नाही.

दुसरा एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही. वयाबरोबर ऐकू येणे कमी होते ते बहुधा बारीक, उंच पट्टीच्या आवाजांपासून. जास्वंदीवर आलेल्या शिंजिराचा चिवचिवाट नातवाला ऐकू येतो आणि आजोबांना फक्त होल्याचे घुमणे ऐकू येते, असे वारंवार घडत असेल तर कानाची तपासणी करून घ्या. तारेवरचा वेडा राघू पूर्वी स्पष्ट दिसायचा आणि आता धुरकट दिसतो, तर मोतीबिंदू पाहून घ्या. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदाही तपासा.

कधी जावे, कसे जावे?

पक्षी भल्या पहाटे जास्त दिसतात हे खरे. तरीही अंधारात निघू नका. ऑक्टोबर 2020 मध्ये पाथर्डी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचा जीव गेला आहे. पूर्ण उजाडल्यावर निघा, एकटे जाऊ नका, ऊस किंवा दाट तुरीच्या कडेला बसू नका आणि मुलांना हाताशी ठेवा. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत घरी या.

मार्चपासून सकाळी नऊनंतर ऊन लागू लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पाणी कमी पडून चक्कर येण्याची शक्यता जास्त असते. पाणी बरोबर ठेवा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळा. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशी बाहेर पडू नका. खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्या. हातपाय थरथरले, घाम फुटला तर लगेच खा आणि बसा. मधुमेहींनी अनवाणी तर मुळीच जाऊ नये, कारण पायात बाभळीचा काटा गेलेला दुसऱ्या दिवशीपर्यंत कळतही नाही.

मान वर करून बराच वेळ पाहिल्याने काहींना गरगरते. झाडाखाली उभे राहण्याऐवजी थोडे लांब खुर्ची टाकून बसा. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका.

साप चावला तर

गर्भगिरीच्या खडकाळ उतारावर आणि बांधावर फुरसे, घोणस असू शकतात. पूर्ण बूट घाला आणि दगडाखाली हात घालू नका. दंश झालाच तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. फुगलेल्या हातापायात अडकतील अशा अंगठ्या, कडी काढा. तो हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका, 108 ला फोन करा आणि थेट रुग्णालयात न्या. सर्पविषावरील लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. साप पकडून आणण्याचीही गरज नाही.

अंगणात पाणी ठेवणे

जरूर ठेवा, फक्त पसरट भांड्यात आणि रोज बदलून. भांडे घासून घ्या, कारण डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. आठवडाभर पाणी तसेच राहिले तर डेंग्यूचे डास तिथेच तयार होतात.

कबुतरांना दाणे टाकण्याबाबत मात्र मी कडक आहे. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. ती वर्षानुवर्षे चालू राहिली तर फुप्फुसे कडक होतात आणि ते नुकसान भरून येत नाही. दमा किंवा जुना खोकला असलेल्या घरात सज्जावर कबुतरे बसू देऊ नका. साफसफाई करताना आधी पाणी शिंपडा आणि मास्क लावा.

मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी

खाट खिडकीपाशी सरकवा. बाहेर शेवगा किंवा जास्वंद असेल तर बुलबुल आणि शिंजीर येतातच. विसरभोळेपणा सुरू झालेल्या माणसाला नावे पाठ करायला लावू नका. त्यांना लहानपणीच्या टिटवीबद्दल, मोराबद्दल विचारा आणि नातवंडाला ते वहीत लिहू द्या.