झोत कुठं टाकू?

मुलांनो, मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी आभाळ भरून आलं, वीज गेली आणि वर्गात अंधार झाला. फळा दिसेना, म्हणून मी पिशवीतली बॅटरी काढून फळ्यावर धरली. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, तुम्हांला फळा कुठंय ते ठाऊक होतं, म्हणून तुम्ही बरोबर उजेड टाकलात. पण मोबाईलच्या टॉवरला मोबाईल कुठंय ते कसं कळतं?"

मी म्हणालो, "परवा सांगतो." खरं म्हणजे मलाही नीट माहीत नव्हतं!

दोन दिवस वाचलं, तेव्हा पहिली गोष्ट कळली. जुने टॉवर कंदिलासारखे. त्यांच्या लहरी मोठ्या भागात एकदम पसरत. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी सेवा सुरू झाली. तिचे टॉवर बॅटरीसारखा झोतही टाकू शकतात. लहरी एकाच दिशेला गोळा केल्या की त्या लांब पोचतात आणि शेजाऱ्याच्या बोलण्यात ढवळाढवळ कमी होते.

पण टॉवर मान वळवत नाही. मग झोत कसा वळतो?

कवायतीची रांग

कवायतीत दहाजणांची आडवी रांग आठवा. सगळ्यांनी एकदम पाऊल टाकलं तर रांग सरळ पुढं जाते. आता डावीकडचा आधी निघाला, दुसरा क्षणभरानं, तिसरा आणखी क्षणभरानं, तर काय होईल? रांग तिरकी होईल आणि तिचं तोंड उजवीकडं वळेल. टॉवरवरच्या चपट्या पेटीत असेच छोटे छोटे अँटेना ओळीनं बसवलेले असतात. कोणी आधी लहर सोडायची आणि कोणी किंचित उशिरा, एवढं ठरवलं की झोत वळतो! ही युक्ती जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनी १९०५ साली तीन अँटेना वापरून लहरींची दिशा बदलून दाखवली होती. पुढं १९०९ चं नोबेल पारितोषिक त्यांना आणि मार्कोनींना मिळून मिळालं.

झोत वळवता आला. पण वळवायचा कुठं? टॉवरला डोळे नाहीत ना!

गुरुजींना गुण!

मग आम्ही एक खेळ मांडला. खिडक्या बंद केल्या. मी झालो टॉवर. माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. माझ्या पायांपासून जमिनीवर खडूनं पंख्यासारख्या १६ रेषा काढल्या आणि त्यांना नंबर दिले. बॅटरीला पुठ्ठ्याची नळी लावली. मी नंबर पुकारायचा आणि एका मुलानं त्या रेषेवर झोत टाकायचा. 'मोबाईल' झालेला मुलगा वहीचं कोरं पान धरून कुठंतरी उभा. पानावर उजेड किती पडला, त्याचे त्यानं दहापैकी गुण सांगायचे. एरवी मी गुण देतो, आज मुलं मला देत होती. काय खूश होती म्हणून सांगू!

सोळा नंबर पुकारले, सोळा गुण मिळाले, सगळ्यांत जास्त गुणांचा नंबर पक्का केला. खरा टॉवरही असंच करतो. तो वेगवेगळ्या दिशांना एकामागून एक झोत टाकतो. मोबाईल प्रत्येकाची ताकद मोजतो आणि कोणता चांगला ते कळवतो. अगदी आखूड लहरींच्या फाइव्ह-जीत असे ६४ पर्यंत झोत असू शकतात. ही फेरी ५ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागात उरकते आणि पुन्हा पुन्हा होत राहते.

"मग अडचण काय, गुरुजी?"

अडचण दुसऱ्या डावात कळली. 'मोबाईल' चालू लागला! माझे सोळा नंबर पुकारून होईपर्यंत स्वारी भलतीकडंच. खऱ्या टॉवरकडं तर शेकडो मोबाईल. कुणी बसमध्ये, कुणी मोटारसायकलवर. शिवाय झोत बारीक केले की त्यांची संख्या वाढते आणि मोबाईललाही आपली दिशा निवडावी लागते. टॉवरच्या ६४ दिशा आणि मोबाईलच्या ४ धरल्या तर जोड्या किती? करा गुणाकार. २५६! सगळा वेळ विचारण्यातच गेला तर बोलायचं कधी?

वहीनं केली कमाल

चौथीतली एक मुलगी प्रत्येक डावाचे गुण वहीत टिपत होती. वीसेक डाव झाल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, सगळे नंबर विचारूच नका. २, ६, १० आणि १४ एवढेच विचारा. सहाला ६ गुण आणि दहाला १ गुण मिळाला की दरवेळी सातच जिंकतो."

करून पाहिलं. बरोबर! सोळाचं काम चार प्रश्नांत झालं.

एवढंच नाही. एक मुलगा लोखंडी कपाटामागं लपला. त्याच्याकडं सरळ झोत टाकला तर शून्य गुण. पण वहीत जुनी नोंद होती : कपाटामागं असला की १३ नंबर जिंकतो. का? तर तेराव्या रेषेसमोर भिंतीवर आरसा होता! झोत आरशावरून उलटून कपाटामागं पोचत होता. खऱ्या गावातही लहरी इमारतींवर आणि काचांवर आपटून अशाच वाटा काढतात.

मशीन लर्निंग, म्हणजे यंत्रशिक्षण, ते हेच. संगणकाला हजारो डावांच्या वह्या देतात. तो थोड्या झोतांचे गुण पाहून अंदाज करतो. मग खरं उत्तर पाहतो. चुकला की आपल्या आतले आकडे किंचित बदलतो, जसा गवई तंबोऱ्याच्या खुंट्या पिळून सूर जुळवतो तसा. असं करत करत अंदाज जुळू लागतो. मोबाईलचे जागतिक नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेनं २०२२ पासून या विषयाचा अभ्यास हाती घेतला. त्यासाठी सुरुवातीला निवडलेल्या तीन कामांपैकी झोताची निवड हे एक होतं.

यंत्राला आणखीही एक काम देता येतं. टॉवरनं झोत किती रुंद ठेवायचे, किती खाली झुकवायचे? आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी एका जागी, एरवी घराघरांत. झोत फार वर उचलला तर शेजारच्या टॉवरच्या हद्दीत लुडबुड. अशा वेळी यंत्र थोडा बदल करून पाहतं आणि सेवा सुधारली की त्याला गुण मिळतात. पण हे प्रयोग चालू टॉवरवर एकदम करून कसं चालेल? लोकांची बोलणी तुटतील. म्हणून आधी संगणकातल्या खोट्या गावात सराव करतात.

आरसा काढला तेव्हा

दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळ मांडला. मुलगा कपाटामागं. वही म्हणाली १३. झोत टाकला. शून्य! स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी कुणीतरी आरसा काढून नेला होता. वहीला ते कुठं माहीत? शेवटी सोळाच्या सोळा नंबर पुन्हा पुकारावे लागले. खऱ्या टॉवरलाही मधून मधून पुन्हा सगळीकडं पाहावं लागतं आणि नव्या नोंदी घ्याव्या लागतात. नवी इमारत उठते, झाडं वाढतात. काल शिकलेलं आज पडताळून पाहावं, हे यंत्रालाही चुकलेलं नाही.

खेळ संपला तरी ती वहीवाली मुलगी गप्प होती. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा तिचा मोठा भाऊ अभ्यास उतरवून घ्यायला रोज टेकडी चढून जायचा. खाली वाडीत रेंज नव्हती. तिनं विचारलं, "गुरुजी, आमच्या वाडीतला एकही डाव या वहीत नाही. मग आमच्याकडं झोत कसा येणार?"

मुलांनो, हा प्रश्न पहिल्या प्रश्नापेक्षाही मोठा आहे. जिथून नोंदच येत नाही, तिथलं यंत्र शिकणार कसं? आणि आड डोंगर असेल तर कितीही हुशार यंत्र असो, झोत डोंगर फोडून जाणार नाही. तिथं टॉवरच उभारावा लागेल आणि तो कुठं उभारायचा हे माणसांनाच ठरवावं लागेल. मी तिला तेच सांगितलं. मग आम्ही वहीचं नवं पान काढलं, वर वाडीचं नाव लिहिलं आणि कुठल्या घरापाशी रेंजच्या किती काड्या दिसतात ते टिपायला सुरुवात केली. ग्रामसभेत ते पान वाचून दाखवायचं, असं मुलांनी ठरवलंय.

तुम्हीही करा : बॅटरी, पुठ्ठ्याची नळी, खडू, आरसा आणि वही घ्या. २० डाव नोंदवा. मग फक्त चार प्रश्न विचारून झोत ओळखा. दहापैकी किती वेळा बरोबर आलात? आता आरसा गुपचूप हलवा आणि पुन्हा मोजा! एक मात्र सांभाळा, झोत कुणाच्या डोळ्यांवर टाकू नका.