चार्जर घरचा, भिंत सोसायटीची

घरात इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरलं की रंग बाबा ठरवतात आणि चार्जरचं 'ते ऑनलाइन काय असतं ते' तुमच्या गळ्यात पडतं. मोबाइल सगळ्यात जास्त वेळ तुमच्याच हातात असतो ना! माझ्याही गळ्यात पडलं. डिलिव्हरी तीन आठवड्यांवर आलेली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचं उत्तर एका ओळीचं : "आधी सरकारी परवानगी आण, मग बघू."

निघाले मी परवानगी शोधायला. महापालिका, आरटीओ की महावितरण? दोन दिवस डोकं खपवल्यावर कळलं, की अशी परवानगी मुळात नसतेच.

झालंय असं, की २००३च्या वीज कायद्यानुसार वीज विकायची तर परवाना लागतो. मग गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं का? एप्रिल २०१८मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं, की नाही, ती सेवा आहे. त्यामुळे रस्त्यावर चार्जिंग स्टेशन चालवणाऱ्यालाही असा परवाना नको. आणि घरचं म्हणाल तर जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलंय, की गाडीमालक आपल्या घरच्या किंवा ऑफिसच्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतात. तुम्ही स्वतःच्या बंगल्यात राहत असाल तर अभिनंदन, तुमचं अर्धं काम झालं.

आपण बाकीचे फ्लॅटवाले. आपला मीटर मीटररूममध्ये, गाडी पार्किंगमध्ये आणि मधली भिंत, डक्ट, छत सगळं सोसायटीचं. 'पार्किंग तरी आमचंच आहे' असं म्हणण्याआधी थांबा. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. म्हणजे जुन्या बिल्डिंगमध्ये आपण ज्याला 'आपलं' म्हणतो ते बहुतेक वेळा सोसायटीने वापरायला दिलेलं असतं. तिथे ड्रिल मारायचं तर सोसायटीचं ना हरकत पत्र हवंच. थोडक्यात, काकांनी मागितलेला कागद चुकीचा होता, पण त्यांना विचारायला लागणं बरोबर होतं. हे मान्य करायला मला जरा जड गेलं.

कमिटीच्या मीटिंगला मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. मनात सीन असा, की आपण मॉडर्न आणि समोर सगळे जुनाट. प्रत्यक्षात पहिला प्रश्न आला, "गाडी तुमची, बिल आम्ही का भरायचं?" आता यात चूक काय? पार्किंगमधल्या दिव्याच्या लाइनवरून चार्जर जोडला तर वीज सामाईक मीटरची जाते आणि पैसे सगळ्यांच्या मेंटेनन्समधून. उपाय एकच, आपल्या मीटरवरून स्वतंत्र केबल ओढायची. गाडीची कंपनी ठरावीक मीटरपर्यंत केबल देते. आमचा मीटर दुसऱ्या टोकाला, त्यामुळे पुढच्या केबलचे पैसे आम्हीच भरले.

दुसरा प्रश्न आगीचा. मार्च २०२२मध्ये पुण्यात लोहगावला भर रस्त्यात पेटलेल्या ई-स्कूटरचा व्हिडिओ अजून सगळ्यांच्या डोक्यात आहे. त्याच वर्षी डिसेंबरपासून बॅटरीचे नियम कडक झाले, दुचाकींसाठी एआयएस १५६ आणि कारसाठी एआयएस ०३८. हे मी सांगितलं, पण काका म्हणाले, "बॅटरीचं ठीक आहे गं. तिसऱ्या मजल्यावरून खाली लोंबणाऱ्या त्या वायरचं काय?" मी गप्प. कारण ती एक्स्टेन्शन कॉर्ड माझ्याच मैत्रिणीच्या स्कूटरची होती आणि आम्ही दोघींनी मिळूनच ती खिडकीतून सोडली होती. भारी जुगाड वाटला होता तेव्हा. पण घरातली बारीक वायर तासन्तास तेवढा करंट वाहण्यासाठी नसते, ती तापते. चार्जरला स्वतःचा एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग लागतं. आणि हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं, ओळखीतल्या दादाचं नाही.

तिसरा मुद्दा लोडचा, आणि खरी मेख इथे आहे. तुमचं वीजबिल उघडा आणि 'मंजूर भार' शोधा. आमच्या बिलावर पाच किलोवॉट होता. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवरचा कार चार्जर सुमारे ३.३ किलोवॉट खेचतो. त्यात गीझर दोनचा, एसी दीडचा. बेरीज ६.८. म्हणजे भार वाढवून घेणं आलं. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर तर विसराच. खरं तर त्याची गरजही नव्हती. बाबांची गाडी रोज चाळीसेक किलोमीटर चालते, त्याला साधारण सहा युनिट पुरतात. म्हणजे छोट्या चार्जरवर रात्रीचे दोन तास.

पण महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिट वाढले की घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये सरकतं. १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पायऱ्या तुम्ही बिलावर पाहिल्या असतीलच. राज्यात ईव्ही चार्जिंगसाठी दराचा वेगळा वर्ग आहे आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमबदलानंतर ग्राहकाला त्यासाठी वेगळी जोडणीही मागता येते. नवीन लाइन टाकावी लागणार नसेल तर महानगरांत ३, इतर पालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यायची असा नियम आहे. दोन्हींचा हिशेब मांडून बघा. आम्ही सध्या भार वाढवून जुन्याच मीटरवर आहोत.

ठेकेदाराकडून केबलचा मार्ग दाखवणारा साधा नकाशा काढून घेतला, अर्जाला जोडला आणि दुसऱ्या मीटिंगमध्ये ना हरकत पत्र मिळालं. गाडी आधी आली, चार्जर अकरा दिवसांनी. तोपर्यंत बाबा रोज ऑफिसवरून येताना सार्वजनिक चार्जिंग स्टेशनवर पेपर वाचत बसायचे.

मैत्रिणीचं अजून अडलंय. ती भाड्याने राहते, म्हणजे आधी घरमालकाची संमती आणि मग सोसायटीची. मालक म्हणतात, "दोन वर्षांनी तू जाशील, भोक माझ्या नावावर राहील." एक्स्टेन्शन मात्र बंद झालीय.

आणि काकांनी आता आणखी एक शंका काढलीय. पहिल्या गाडीला जमलं, पण दहावीला? नव्या इमारतींत २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय असावी, असं केंद्राच्या आदर्श बांधकाम उपविधींत २०१९ साली आलं. आमची बिल्डिंग १९९८ची. मीटररूमपर्यंत येणारी मुख्य केबल तेव्हाच्या पंखे-टीव्हीच्या हिशेबाने टाकलेली आहे. ती बदलायची तर खर्च कोणाचा, फक्त गाडीवाल्यांचा की सगळ्यांचा? वार्षिक सभेच्या नोटिशीत हा विषय सहाव्या क्रमांकावर छापलाय, आणि माहिती द्यायला माझं नाव टाकलंय, मला न विचारता.