ओसाकाचा बुतामान : काचेपलीकडे राबणारे हात

जपानमध्ये ओसाका नावाचे मोठे शहर आहे. तेथील बहुमजली दुकानांची एक ठरलेली रीत आहे. कपडे, भांडी, खेळणी वरच्या मजल्यांवर आणि खाण्याचे सारे पदार्थ तळघरात. जिना उतरून खाली गेले की तळलेले, भाजलेले, गोड, खारट असे नाना वास नाकात शिरतात. त्यातला एक वास मात्र लांबूनच वेगळा कळतो. वाफेवर शिजलेल्या पिठाचा, कांद्याचा आणि डुकराच्या मांसाचा. त्या वासाच्या मागाने गेले की माणसांची रांग दिसते. रांगेच्या टोकाला तांबडी पाटी, तिच्यावर ५५१ हा आकडा आणि पाटीखाली एक लांबट काच.

या काचेपलीकडे काय चालते ते पाहण्यासारखे आहे. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसे एका ओट्याशी उभी असतात. त्यात बायाही असतात, बापेही असतात. एकजण मऊ पिठाचा गोळा तोडतो. दुसऱ्याच्या हातात गोळा आला की तो तळव्यावर पसरायचा, त्यात सारण दाबून भरायचे आणि बोटांनी कडेला चुण्या पाडत तोंड मिटायचे. आपल्याकडे पुरणाचा उंडा भरताना जशी पारी वर ओढत आणतात, तसेच. फक्त येथे तो लाटायचा नाही. चुण्यांचे तोंड वर ठेवून, खाली लाकडाचा कागदाएवढा पातळ पापुद्रा लावून तो वाफेच्या भांड्यात जातो. थोड्या वेळाने झाकण निघते, वाफेचा लोट उठतो आणि फुगलेले पांढरेशुभ्र गोळे बाहेर येतात. गिऱ्हाईक ते तांबड्या डब्यात घेऊन जाते, सोबत मोहरीच्या तिखट चटणीच्या पुड्या. या पदार्थाचे नाव बुतामान. बुता म्हणजे डुक्कर. टोकियोकडचे लोक यालाच निकुमान म्हणतात. निकु म्हणजे मांस. पण ओसाकाच्या बाजूला नुसते मांस म्हटले की गाई-बैलाचेच समजतात, म्हणून डुकराचे नाव स्पष्ट घ्यावे लागते.

आमच्या काही वाचक भगिनी म्हणतील, घरात रोज भाकरी-पाव आहे, या जपानी गोळ्यांचे आम्हाला काय? सांगतो. या एका गोळ्यामागे कष्टाची, स्थलांतराची आणि माणसाने माणसाच्या हातचे खाण्याची गोष्ट आहे, आणि ती गोष्ट आपल्या फार जवळची आहे.

मूळ पदार्थ चीनचा. तेथे सारण नसलेल्या गोळ्याला मांतोऊ आणि सारण भरलेल्याला बाओझी म्हणतात. चिनी लोक त्याची एक जुनी कथा सांगतात. तिसऱ्या शतकातला झूगे ल्यांग नावाचा प्रधान सैन्य घेऊन परतत होता. वाटेत नदीला पूर आला. लोक म्हणाले, माणसांची मुंडकी अर्पण केल्याशिवाय नदी वाट देणार नाही. त्याने ते मानले नाही. कणकेत मांस भरून माणसाच्या डोक्याएवढे गोळे करवले आणि तेच नदीत सोडले. कथा खरी की रचलेली हा प्रश्न वेगळा. नरबळी नाकारून पिठाचा गोळा करणारा माणूस लोकांनी लक्षात ठेवला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

जपानमध्ये हा गोळा बौद्ध भिक्खूंच्या वाटेने आला असे मानतात. चौदाव्या शतकाच्या मध्यावर एका भिक्खूबरोबर लिन नावाचा एक चिनी गृहस्थ नारा शहरी येऊन राहिला. विहारातले भिक्खू मांस खात नसत. म्हणून त्याने मांसाऐवजी लाल कडधान्य शिजवून, गोड करून आत भरले. जपानची प्रसिद्ध मान्जू मिठाई ती हीच, असे नाराचे लोक सांगतात.

मांसाचा गोळा मात्र पुष्कळ उशिरा, बंदरातून आला. ओसाकाशेजारी कोबे हे बंदर आहे. तेथे चिनी लोकांची नानकिन-माची नावाची पेठ आहे. तेथे १९१५ साली एका चिनी गृहस्थाने आणि त्याच्या पत्नीने रोशोकी हे दुकान काढले. चीनच्या बाओझीत जपानी माणसाच्या जिभेला रुचेल असे बदल करून त्यांनी ते विकले. ते दुकान लहानसेच होते, पण बुतामान या नावाची सुरुवात तेथली मानली जाते.

जाता जाता एक गंमत सांगायला हवी. टोकियोच्या नाकामुराया या दुकानाने १९२७ साली चिनी वाफेचे गोळे विकायला काढले आणि त्याच वर्षी हिंदुस्थानी पद्धतीची रस्सा-करीही. ही करी शिकवणारा माणूस होता क्रांतिकारक रासबिहारी बोस. इंग्रजांच्या हातून निसटून १९१५ साली तो जपानला पोचला, तेव्हा या दुकानाच्या मालकांनी त्याला लपवून ठेवले होते. पुढे तो त्यांचा जावई झाला. म्हणजे चिनी गोळा आणि आपली करी टोकियोच्या एकाच दुकानात, एकाच वर्षी मांडली गेली.

आता पुन्हा ओसाकाकडे वळू. १९४५ साली युद्ध संपले तेव्हा बॉम्बहल्ल्यांनी हे शहर भाजून निघाले होते. अन्नाची टंचाई होती. त्या दिवसांत तैवानहून आलेल्या लुओ बांगच्यांग या तरुणाने आपल्या साथीदारांबरोबर नांबा भागात होराई नावाची खाणावळ काढली. तैवान तेव्हा पन्नास वर्षे जपानची वसाहत होते. म्हणजे हा तरुण राज्यकर्त्यांच्या देशात जिंकलेल्या मुलखातून आलेला होता. पुढच्याच वर्षी त्याने कोबेच्या बुतामानवरून धडा घेऊन आपला बुतामान विकायला सुरुवात केली. आकाराने मोठा, आत कांदा भरपूर आणि एकाने पोट भरेल असा. दुकानाच्या नावाआधी ५५१ हा आकडा आला तो ५५५ नावाच्या सिगारेटवरून. शिवाय जपानीत पाच-पाच-एक म्हणताना 'येथलेच पहिल्या नंबरचे' असा अर्थ निघतो. धंद्याला तेही उपयोगी पडले. १९६० नंतरच्या दशकात भागीदार वेगळे झाले आणि होराई नावाची निरनिराळी दुकाने झाली. त्यांपैकी ५५१ वाल्यांनी हाताने वळण्याचा हट्ट धरून ठेवला.

हा हट्ट साधा नाही. त्याच सुमारास जपानमध्ये कारखान्यात यंत्राने गोळे वळणे सुरू झाले होते. आज रात्री-अपरात्री उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांत गरम कपाटात ठेवलेला यंत्राचा गोळा सहज मिळतो आणि स्वस्तही मिळतो. ५५१ चा हिशोब वेगळा आहे. पीठ ओसाकातल्या एकाच कारखान्यात मळले जाते आणि तेथून गाडीने प्रत्येक स्टॉलवर पोचते. खमीर घातलेले पीठ जिवंत असते. गाडीत बसून ते फुगतच राहते. उशीर झाला की आंबते, ढिले पडते, आणि मग चुणी धरत नाही. म्हणून कारखान्यापासून दीडशे मिनिटांच्या पलीकडे दुकान काढायचे नाही असा त्यांचा नियम आहे. यामुळे सारी साठेक दुकाने ओसाकाच्या आसपासच्या मुलखात आहेत. टोकियोसारख्या राजधानीत कायमचे एकही नाही. दूरच्यांना थंड करून पाठवलेला माल मागवता येतो, पण स्टॉलवरचा नाही. तरीही रोज सरासरी एक लाख सत्तर हजार बुतामान विकले जातात आणि ते हाताने वळलेले असतात. पसारा वाढवण्याऐवजी पिठाला जेवढे अंतर सोसते तेवढेच जायचे, ही गोष्ट आजच्या धंद्याच्या दुनियेत आम्हाला धाडसाची वाटते.

ओसाकाच्या लोकांना याचे इतके वेड आहे की बाहेरगावी जाताना आगगाडीत तांबडे डबे घेऊन बसतात. मग सारा डबा त्या वासाने भरून जातो आणि शेजारचे प्रवासी कुरकुर करतात. दूरदर्शनवरची त्यांची जाहिरातही घरोघरी पाठ आहे. घरात बुतामान 'असतो तेव्हा' सगळे खदखदा हसतात, 'नसतो तेव्हा' सगळ्यांची तोंडे उतरलेली. बस, एवढीच जाहिरात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. जपानमध्येही जनावरे सोलणे, कातडे कमावणे ही कामे करणाऱ्या लोकांना शतकानुशतके अस्पृश्य ठरवले गेले होते. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, लग्नसंबंध वेगळे. १८७१ साली सरकारी हुकुमाने ही अवस्था कायद्यातून काढली, पण समाजाच्या मनातून काढली नाही. म्हणून १९२२ साली त्या लोकांनी क्योटो शहरी सुईहेईशा ही आपली संघटना उभी केली. आपला महाडचा सत्याग्रह १९२७ चा, हे वाचकांनी शेजारी ठेवून पाहावे. तो भेदभाव तेथे अजून पूर्णपणे गेलेला नाही. परंतु त्याच देशात, वसाहतीतून आलेल्या परक्या माणसाने वळलेला डुकराच्या मांसाचा गोळा एका महानगराचा अभिमान झाला. आणि विकणाऱ्याने वळणारे हात लपवले नाहीत. उलट काच लावून समोर आणले. हे हात पाहा आणि मग घ्या, असे तो गिऱ्हाइकाला सांगतो.

आपल्याकडे हातांचे काय झाले? मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. तेथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि दुसऱ्या कामगारांना विटाळाची भीती वाटे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला, हे जुन्या गिरणी कामगारांच्या घरांत आजही सांगतात. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील एका सरकारी शाळेत दलित बाईने शिजवलेले दुपारचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. त्या बाईला आधी कामावरून काढले आणि ओरड झाल्यावर परत घेतले. लहान मुलांना हे कोणी शिकवले? आज आपल्या शहरांतही मॉल झाले आहेत. परळ भागात तर गिरणीच्याच जागेवर मॉल उभा आहे. तेथे वाफेवरचे चिनी पदार्थ मिळतात, रांगा लावून लोक खातात आणि कोणी वळले हे विचारत नाहीत. ही प्रगती खरी. फक्त ती मॉलच्या दारातच थांबते आणि भाड्याने घर शोधताना आडनाव विचारले जाते तेव्हा दिसत नाही.

काचेपलीकडच्या कामाचे गोडवे गाताना भान सुटू नये. काच हाही विक्रीचा भाग आहे. दिवसभर उभे राहून पाय किती भरून येतात, बोटे किती दुखतात आणि महिन्याला हातात काय पडते, हे काचेतून दिसत नाही. हातकामाचा मान नुसत्या टाळ्यांनी होत नाही, मजुरीने होतो. एवढे मात्र खरे की यंत्र असूनही हाताला जागा ठेवली, तर तेवढ्या हातांना काम राहते.

आपल्या घरी हा प्रकार सहज होतो. इडलीपात्र असले की झाले. अर्धा किलो मैद्यात लहान चमचाभर कोरडे यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल घालावे. सुमारे पाव लिटर कोमट पाणी लागेल तसे घालत दहा मिनिटे चांगले मळावे. पाणी कढत नको, यीस्ट मरते. ओले फडके झाकून तासभर ठेवावे, पीठ दुप्पट होते. सारणाला पाव किलो खिमा, दोन मोठे कांदे बारीक चिरून, मीठ, मिरपूड आणि सोयासॉस. खिमा डुकराचा असो की कोंबडीचा, थोडी चरबी असली की रस सुटतो. मांस नको असेल त्यांनी कोबी, गाजर, कांदा परतून, पाणी आटवून, गार करून भरावे. गरम सारण भरले की पारी फाटते.

पिठाचे बारा गोळे करावेत. प्रत्येक गोळा लाटताना कडा पातळ आणि मध्यभाग जाड ठेवावा, कारण वर चुण्या जमल्या की तेथे पीठ दाटते आणि तळ मात्र ओला होतो. भरून झाले की लगेच वाफेला लावू नयेत. वीस मिनिटे तसेच ठेवावेत, पुन्हा थोडे फुगतात. खाली तेल लावलेला केळीच्या पानाचा तुकडा ठेवावा. गोळे एकमेकांना चिकटवून ठेवू नयेत, फुगायला जागा लागते. झाकणाला आतून फडके बांधावे, म्हणजे पाण्याचे थेंब गोळ्यांवर पडून डाग पडत नाहीत. पंधरा मिनिटे चांगली वाफ द्यावी. गॅस बंद केल्यावर तीन-चार मिनिटे झाकण उघडू नये, नाहीतर गार हवा लागून गोळे एकदम बसतात आणि सुरकुततात.

सोबत मोहरी नसेल तर लसणाची लाल चटणी चालते. उरलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटे वाफवावेत. तव्यावर गरम केले तर वरून कडक होतात, पण आमच्या घरची मुले तेच मागतात.