तारापूर-चिंचणीचा पायीं फेरफटका

जपानांत ताकायामा नांवाचें एक डोंगराळ गांव आहे. तेथें पाहुण्यांस वाटाड्या पायीं हिंडवितो, जुन्या पेठेंतील लाकडी घरें दाखवितो आणि मधून मधून थांबून तेथील पदार्थ खाऊं घालतो. तांदळाचें मद्य करणाऱ्यांच्या दारावर सुगी वृक्षाच्या पालवीचा मोठा गोळा टांगलेला असतो. तो हिरवागार असला म्हणजे नवें मद्य तयार झालें असें समजावें. पालवी वाळून तपकिरी होत जाते, तसतसें आंतील मद्यही मुरत जातें. परक्यास ती नुसती शोभा वाटते. वाटाड्यानें सांगितल्यावर तोच गोळा पंचांगाचें काम करितो. शाळेच्या पुस्तकांत मद्याची गोष्ट कशाला, असें एखादे पालक म्हणतील. परंतु आम्हांस वाटाड्याचा उपयोग तेवढा दाखवावयाचा आहे. असे गोळे आपल्या दाराशींही टांगलेले आहेत.

बोईसर स्टेशनावर उतरणाऱ्यास तारापूर म्हणजे कारखाने आणि अणुवीजकेंद्र, एवढेंच ठाऊक असतें. तें केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. गांव त्याहून फार जुनें. तारापूर आणि चिंचणी ह्यांच्या मध्यें खाडी आहे. तिच्या दोन्ही तीरांवर एक सकाळ पायीं काढावी, अशी आमची विद्यार्थिमित्रांस सूचना आहे.

आरंभ चिंचणीपासून करावा. येथें १९५५ सालीं कांहीं ताम्रपट सांपडले. त्यांपैकीं एक शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ह्याच्या काळचा आहे. त्या वेळीं संजाणचा कारभार मधुमति नांवाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. मधुमति हें महंमद ह्या नांवाचें संस्कृत रूप, असें विद्वान् मानतात. ह्या गृहस्थानें दोन प्रवाहांवर लोकांसाठीं फुकट नावा ठेविल्या आणि संजाण येथें एक अन्नसत्र घातलें. तेथें साळीचा भात, कालवण आणि तूप हें विनामूल्य मिळे. त्याच ताम्रपटांत देवीच्या मठिकेस दिलेल्या दानाचीही नोंद आहे. कानडी मुलखांतला राजा, अरब अधिकारी, देवीचा मठ आणि वाटसरूच्या पानांतला भात, हीं सर्व एकाच तांब्याच्या पत्र्यावर! संजाण आज गुजरातेंत गेलें, परंतु हा लेख निघाला तो आपल्या चिंचणींत. इतकी जुनी जेवणाची यादी किती गांवांजवळ असेल?

किनाऱ्यावर गेलें म्हणजे बोंबील वाळत घातलेले दिसतात. डोल हें पिशवीसारखें जाळें भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून समुद्रांत बांधून ठेवितात. पाणीच मासा आंत आणून टाकितें. बोंबलाच्या अंगांत पाण्याचा अंश फार, म्हणून तो लवकर नासतो आणि म्हणूनच वाळवावा लागतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. त्याचे दांत आंकड्यासारखे वळलेले असल्यामुळें गांठ मारण्याचें कारण पडत नाहीं. पावसाळ्यांत होड्या बंद झाल्या म्हणजे ह्याच सुक्या मासळीवर घरें चालतात.

येथें वाटाड्यानें दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. वीजकेंद्राच्या विस्तारासाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें उठलीं, आणि तेथील मासेमारांस समुद्र दूर पडला. कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेनें २०१६ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. खाडींतील मासळी गेली तर तिचें कालवण कोणत्या पुस्तकांतून शिकावें? नुसती चव वाखाणणारा वाटाड्या आमच्या मतें अर्धाच वाटाड्या होय.

खाडी ओलांडून तारापूरच्या किल्ल्याकडे यावें. हा पोर्तुगीजांच्या अमदानींतला. १७३९च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें तो घेतला. बाजी भिवराव रेठरेकर त्या लढाईंत पडले. मे महिन्यांत वसईही मराठ्यांच्या हातीं आली. फिरंगी गेले, पण त्यांनीं अमेरिकेहून आणलेली मिरची राहिली. बटाटा राहिला, त्याचें नांवही त्यांच्याच भाषेंतलें. पाव हा शब्दही तसाच. तटावर चढून तलवारींच्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांस हें सांगितलें म्हणजे तीं आपला डबा उघडून पाहूं लागतात.

गांवांत पारशांची अग्यारी आहे. ती १८२०च्या सुमारास विकाजी मेहरजी ह्यांनीं बांधली. ह्या घराण्याची पेढी पुढें निजामाच्या राज्यांत मोठी नांवाजली. परधर्मीयांस आंत जातां येत नाहीं, म्हणून बाहेरूनच पाहावें. पारशी म्हटला कीं धनसाक, असें आपण समजतों. परंतु शुभकार्यांत पारशी धनसाक करीत नाहींत. मृत्यूनंतर तीन दिवस मांस वर्ज्य असतें, तें चौथ्या दिवशीं धनसाकानें सुटतें. सणाच्या दिवशीं त्यांच्या घरीं धानदार, म्हणजे आपला साधा वरणभातच, आणि जोडीस माशाचा पातियो असतो.

फेरफटका बाजारांत संपवावा, आणि शक्य तर मृगाच्या आसपास. तेव्हां वारली बायका टोपल्यांतून शेवळें आणतात. सुरणाच्या जातीच्या झाडाचा हा फुलोरा. त्यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असल्यामुळें तो घशाला खाजतो. त्यावर उतारा म्हणून काकड झाडाचीं आंबट हिरवीं फळें भाजींत घालितात, आणि तीं त्याच टोपलींत शेवळांशेजारीं ठेविलेलीं असतात. कृती त्या बाईसच विचारावी. गर्दी नसली तर ती सावकाश सांगते. मात्र आधीं एक जुडी विकत घ्यावी.