लाडू अडले, वाइन सुटली

बेयॉनच्या बंदरावर एक्स-रेच्या पट्ट्यावरून आमच्या पिशव्या सरकत होत्या आणि माझे डोळे एकाच पिशवीवर होते. तिच्यात नाशिकच्या शिराझच्या दोन बाटल्या होत्या. मुंबई ते न्यू जर्सी हा प्रवास त्यांनी विमानाच्या पोटात, आईच्या दोन सुती साड्यांच्या घडीत झोपून केला होता. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिथल्या एडिसन गावात राहणाऱ्या धाकट्या बहिणीने सगळ्यांसाठी बर्म्युडाची पाच रात्रींची क्रूझ ठरवली होती. काकांची द्राक्षबाग निफाडची, तेव्हा बाटली नाशिकचीच उघडायची, हा बाबांचा हट्ट.

पलीकडच्या माणसाने एकेक बाटली उचलली, मानेवरचं सील अंगठ्याने चाचपलं आणि परत ठेवली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर त्याने दुसऱ्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत डिंकाचे लाडू. ‘घरी केलेत?’ त्याने विचारलं. बहीण खरं बोलली. डबा परत मिळाला, लाडू कचऱ्याच्या पिंपात गेले. आईला पुढचा अर्धा दिवस एकच गोष्ट कळत नव्हती. दारू चालते आणि लाडू चालत नाहीत, हे कसलं जहाज?

तिचा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. लाडवांचं उत्तर सोपं आहे. जहाजावर काही हजार माणसं बंद जागेत राहतात, एकाच्या पोटात बिघडलेलं काही गेलं आणि साथ पसरली तर पळायला जागा नाही. म्हणून घरचं शिजवलेलं बहुतेक कंपन्या नाकारतात. कंपनीच्या पाकिटातला, सील न फोडलेला चिवडा मात्र खुशाल न्या. वाइनचं उत्तर लांबचं आहे आणि त्यात आरोग्यापेक्षा हिशेबच जास्त आहे.

नियमाचा साचा बऱ्याच कंपन्यांत सारखाच. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन बड्या कंपन्या माणशी ७५० मिलीची एक सीलबंद बाटली नेऊ देतात, वाइन किंवा शॅम्पेनची. माणूस पिण्याच्या वयाचा हवा, म्हणजे अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजावर २१ पूर्ण. बाटली फक्त जहाजावर चढण्याच्या दिवशी आणि तीही हातातल्या पिशवीत. विमानाने आलेल्याची इथे हमखास गफलत होते. विमानात १०० मिलीच्या वरची बाटली हाताशी ठेवता येत नाही, ती मोठ्या बॅगेत घालावी लागते. बंदरावर येताच तीच बाटली मोठ्या बॅगेतून उपसून हातात घ्यायची. विसरलात आणि बॅग हमालाच्या हवाली केलीत, तर ती खोलीच्या दारात येतच नाही. खालच्या मजल्यावरच्या एका लहानशा खोलीत तुम्हाला बोलावणं येतं. तिथे जप्त इस्त्र्या, एक्स्टेंशन बोर्ड आणि व्होडकाच्या बाटल्या यांच्या रांगेत तुमची बॅग उभी असते. नेहमी क्रूझ करणारे तिला ‘नॉटी रूम’ म्हणतात.

डिस्नेची जहाजं जरा सैल, माणशी दोन बाटल्या किंवा त्याऐवजी सहा बिअर. नॉर्वेजियनचा खाक्या वेगळा. वाइन हवी तेवढी आणा, पण चढतानाच बाटलीमागे १५ डॉलर मोजा, दीड लिटरचा मॅग्नम असेल तर ३०. खोक्यातली वाइन मात्र त्यांनाही चालत नाही. या रकमा बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी तिकिटासोबतचं नियमांचं पान वाचलेलं बरं.

या पैशांना ‘कॉर्केज’ म्हणतात. म्हणजे तुमची बाटली आमच्या टेबलावर, आमच्या ग्लासात, आमच्या माणसाने उघडून दिली त्याचे पैसे. शब्द बुचावरून आला, पण बूच असलंच पाहिजे असं नाही. आमच्या दोन्ही बाटल्यांना फिरकीची झाकणं होती, उघडायला मनगटाचा अर्धा वळसा पुरे. तरी बिलावर छापलेला शब्द कॉर्केजच. मजा अशी की नाशिकची ती बाटली हजार रुपयांच्या आतबाहेरची आणि ती उघडण्याचे १५ डॉलर, म्हणजे बाराशेच्या वर. घोड्यापेक्षा नाल महाग. बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला, चेहऱ्यावर दिसला, पण प्रसंग पाहून ते गप्प राहिले.

तरीही सौदा वाईट नव्हता. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. जहाजावर ग्लास १४ डॉलरचा धरला आणि वर १८ टक्के सेवाशुल्क, तर पाच ग्लासांचे जवळपास ८३ डॉलर होतात. बाटली खोलीतच संपवली तर कॉर्केजही वाचतं. बऱ्याच कंपन्यांत ते फक्त उपाहारगृहात किंवा बारमध्ये उघडण्याचं असतं.

मग जहाजवाले वाइन आणूच का देतात? आणि वाइन देतात तर व्हिस्की का नाही? मला पटणारं उत्तर टक्केवारीत आहे. १३ टक्क्यांच्या वाइनच्या बाटलीत शुद्ध मद्यार्क असतो सुमारे ९७ मिली. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या तेवढ्याच बाटलीत ३२१ मिली. एक व्हिस्की म्हणजे तीन वाइनहून जास्त. व्हिस्कीची बाटली खोलीत घेऊन बसलेला माणूस चार दिवस बारकडे फिरकणार नाही, आणि तो किती प्याला हे कोणालाच कळणार नाही. बारमागचा माणूस ‘आता पुरे’ म्हणू शकतो, खोलीतली बाटली म्हणत नाही. समुद्रात, रेलिंगच्या अलीकडे, ही भीती खोटी नाही. वाइनचं तसं नाही. ती जेवणासोबत, वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला निघते. एक बाटली आणणारा तेवढ्यावर थांबतही नाही. ही एक बाटली म्हणजे जहाजाने गिऱ्हाइकाला दाखवलेला मोठेपणा आहे, आणि तो जहाजाला स्वस्तात पडतो.

कारण सगळा धंदा तिकिटात नाहीच. २०२३ साली कार्निव्हलचं उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर होतं. त्यातले साडेसात अब्ज तिकिटांपलीकडचे: दारू, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, वायफाय, मालिश, दुकानं वगैरे. म्हणजे रुपयातले पस्तीस पैसे. रॉयल कॅरिबियनचं त्याच वर्षीचं प्रमाण एकतीसच्या आसपास. तिकीट स्वस्त दिसतं ते याच जिवावर. जहाजाच्या कोठारातली दारूही बहुतांशी करमुक्त घेतलेली असते, तेव्हा ग्लासामागे काय सुटत असेल ते सांगायला नको.

हे गणित आपल्याला अनोळखी नाही. मल्टिप्लेक्सच्या दारात पर्स उघडून बिस्किटाचा पुडा काढून ठेवणारा माणूस याच गणिताचा नोकर. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाच्या मालकाला बाहेरचं खाणं अडवायचा अधिकार आहे, असा निकाल दिला. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सुनावणीत जिलेबीचं उदाहरण घेतलं होतं: चिकट बोटं खुर्चीला पुसली तर ती साफ कोण करणार? पाणी मात्र फुकट द्यावं लागेल आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही, हेही सांगितलं. जहाजं पाण्याच्या बाबतीत याहून कडक निघाली. जुलै २०१५ पासून कार्निव्हलने पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या आणायलाच बंदी केली, कारण त्या बाटल्यांतून जिन आणि व्होडका आत येत होती. कॅन तेवढे चालतात. कॅनमध्ये व्होडका भरणं घरच्या घरी जमत नाही.

भरणाऱ्यांच्या कल्पकतेला मात्र दाद द्यावी. माउथवॉशच्या बाटलीत खाण्याचा हिरवा रंग घातलेली व्होडका हा जुना प्रकार. सनस्क्रीनच्या नळ्या, पोकळ दुर्बिणी, अंगाला बांधायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हे सगळं रीतसर विकत मिळतं. सर्वांत वरचा वर्ग वाइनची बाटली रिकामी करून तिच्यात रम भरणाऱ्यांचा. त्यांच्याचमुळे बंदरावरचा तो माणूस सीलवरून अंगठा फिरवतो.

गंमत म्हणजे हा सगळा खटाटोप नंतरचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पी अँड ओच्या आगबोटींनी मुंबईला येणाऱ्या साहेबाच्या भाड्यातच वाइन आणि इतर मद्य धरलेलं असे. पुढे कंपनीने ते बंद केलं. त्याआधी तर वाइनसाठी जहाजच तळघर होतं. मदेराची पिंपं विषुववृत्ताच्या उन्हातून हिंदुस्थानाकडे यायची, जहाजाच्या पोटातल्या उष्णतेने तिला वेगळीच चव यायची आणि फेरी मारून परत आलेल्या मदेराला चढा भाव मिळायचा. आमच्या शिराझने साड्यांतून केलेल्या प्रवासाने तिचं काही भलं झालं असावं असं मात्र वाटलं नाही.

समुद्रात दारूची रेषा कोणी ओढली असेल तर अमेरिकेने. १९२० मध्ये तिथे दारूबंदी आली आणि प्रश्न पडला, परदेशी जहाज न्यूयॉर्कला लागलं तर त्याच्या कोठारातल्या दारूचं काय? १९२३ साली ब्रिटिश जहाज कंपनी क्युनार्ड हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरली. अमेरिकेच्या सागरी हद्दीत कुठल्याही झेंड्याच्या जहाजावर दारू नको, मग ती कुलपात का असेना. खुल्या समुद्रात अमेरिकी जहाजालाही मोकळीक. इंग्लंडशी १९२४ मध्ये करार झाला तेव्हा कुठे सीलबंद कोठार बंदरात आणायची मुभा मिळाली. मग कंपन्यांनी काय करावं? न्यूयॉर्कहून निघायचं, हद्द ओलांडायची, कुठेच न जाता दोन दिवस तरंगायचं आणि परत यायचं. तहानलेले लोक रांगा लावून तिकिटं काढत. क्रूझचा आजचा तोंडवळा बराचसा तिथे घडला. आजही बंदरात उभ्या जहाजाचं करमुक्त दुकान आणि कॅसिनो सहसा बंद असतात आणि जहाज निघाल्यावर काही वेळाने एकदम दिवे लागतात, ते याच जातीच्या रेषेमुळे.

आपल्या किनाऱ्यावर या रेषा अधिकच गुंतलेल्या. मुंबईहून २०२१ पासून फिरणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे मूळचं रॉयल कॅरिबियनचंच, १९९० चं जहाज. पण जुन्या मालकाची ती एक बाटलीची सवलत इथे आली नाही. बाहेरची दारू चालत नाही, वाइनसुद्धा. मुंबईत वाइन-बिअर प्यायचं वय २१ आणि कडक दारूचं २५. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवाना हवा, हे बहुतेकांना दुकानाबाहेरच्या पाटीपुरतं ठाऊक असतं. गोव्यात उतरलात तर वय १८, बाटली स्वस्त आणि मोह मोठा. पण ती महाराष्ट्रात विनापरवाना आणणं गुन्हा आहे. सावंतवाडीजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात ते त्याचसाठी, आणि समुद्रमार्गे आलात म्हणून कायदा बदलत नाही. फेणीचं तर विचारूच नका. परदेशी जहाजाच्या हिशेबी ती कडक दारू, आणि बिसलेरीच्या बाटलीत भरलेल्या काजूच्या उर्राकला सील कुठून असणार?

बंदरात घेतलेल्या बाटलीचं काय होतं ते आम्ही बर्म्युडात पाहिलं. बहिणीच्या नवऱ्याने तिथली काळी रम घेतली. जहाजाच्या शिडीपाशी टेबल मांडून दोघे बसले होते. त्यांनी बाटली ठेवून घेतली, खोलीचा नंबर लिहिलेला कागद तिच्या गळ्यात अडकवला, पावती दिली. शेवटच्या रात्री परत मिळाली. सरळ आणि शांत काम. तिथे कोणी हुज्जत घालत नव्हतं, कारण सगळ्यांना नियम माहीत होता.

पहिल्या रात्रीच्या जेवणाला आमची शिराझ घेऊन जो मुलगा आला तो वेंगुर्ल्याचा निघाला. गोव्याच्या आणि कोकणच्या घराघरांत असे तारवटी आहेत, सहा-आठ महिने पाण्यावर आणि बाकी घरी. त्याने लेबल बाबांसमोर धरलं, झाकण फिरवलं आणि दोन घोट ओतून अदबीने थांबला. बाबांना कळेना आता काय करायचं असतं. त्यांनी ग्लास उचलून सरळ पिऊन टाकला. ‘बरी आहे,’ म्हणाले. मुलाने चेहरा जराही न हलवता बाकीच्यांचे ग्लास भरले.

आईने तेवढ्यात त्याला लाडवांचं गाऱ्हाणं सांगितलं. डिंक कुठला, खोबरं कुठलं, सगळं.

‘मावशी,’ तो हळूच म्हणाला, ‘किती होते?’

‘तीस.’

त्याने बाटलीच्या मानेवर आमच्या खोलीचा नंबर चिकटवला. अर्धी उरली होती, ती दुसऱ्या रात्रीसाठी राखून ठेवायची होती. मग बाटली उचलता उचलता तो स्वतःशीच पुटपुटला, ‘तीस!’