दगडी छताचा तोल

जाड पुठ्ठ्याच्या दोन वह्या घ्या. गुळगुळीत टेबलावर त्या तंबूसारख्या एकमेकींना टेकवून उभ्या करा. त्यांच्या खालच्या कडा बाहेर सरकतात आणि तंबू कोसळतो. आता दोन्ही बाजूंना एकेक जड पुस्तक ठेवून पाहा. तंबू उभा राहतो! युरोपातील मध्ययुगीन चर्चची उंच दगडी छते याच तत्त्वावर उभी आहेत.

दगड दाब उत्तम सोसतो. ताण मात्र त्याला सोसत नाही. म्हणून दगडाची लांब आडवी तुळई तडकते. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडांमध्ये दाबला जातो, त्यामुळे ती टिकते. पण कमानीचा भार खांबावर तिरका येतो. या बलाचा एक घटक खाली दाबतो, तर दुसरा खांबाला बाहेर ढकलतो. जुने गवंडी यावर उपाय म्हणून भिंतीच जाड बांधत. मग खिडक्या लहान ठेवाव्या लागत व आत अंधार राही.

बाराव्या शतकात फ्रान्समध्ये नवी पद्धत रुजली. कमान टोकदार झाली. रुंदी तेवढीच ठेवून कमान उंच केली, की बाहेरचा रेटा कमी होतो. उरलेला रेटा पेलण्यासाठी इमारतीबाहेर भक्कम खांब उभारून त्यांपासून छताकडे अर्धकमानी टाकल्या. यांना 'फ्लाइंग बट्रेस' म्हणतात. आपल्या प्रयोगातील पुस्तकांचे काम त्या करतात. भिंतींवरचा भार हलका झाला आणि तेथे रंगीत काचांच्या प्रचंड खिडक्या आल्या.

बोव्हेचे धाडस

या पद्धतीची मर्यादा पाहायची असेल, तर फ्रान्समधील बोव्हे गावच्या कॅथीड्रलकडे वळू. त्याचे बांधकाम 1225 मध्ये सुरू झाले. वेदीकडील भागाचे छत सुमारे 48 मीटर, म्हणजे पंधरा मजली घराइतके, उंच नेले. 1272 मध्ये तो भाग पुरा झाला आणि 1284 मध्ये छताचा काही भाग कोसळला. नेमक्या कारणाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. दुरुस्ती करताना मात्र जुन्या खांबांच्या मध्ये नवे खांब घातले गेले.

पुढे 1569 मध्ये येथे 153 मीटर उंचीचा मनोरा पुरा झाला. पूर्वेकडून त्याला वेदीच्या भागाचा आधार होता. पश्चिमेचे लांब दालन बांधलेलेच नव्हते, त्यामुळे ती बाजू मोकळी होती. अवघ्या चार वर्षांत, 1573 मध्ये, मनोरा पडला. ते दालन आजतागायत झालेले नाही. त्या जागी दहाव्या शतकातील बुटके चर्च मात्र अजून उभे आहे!

असे चर्च पाहण्याचा योग आला, तर आतील उंची पाहून लगेच परतू नका. बाहेर येऊन इमारतीला एक फेरी मारा. आतील कोणता खांब बाहेरच्या कोणत्या आधारामुळे उभा आहे, हे शोधा. दगडांतून जमिनीकडे जाणारी बलाची वाट तुम्हांला दिसू लागेल.